पगडीपासून उघड्या मस्तकापर्यंत : मुलुंड ते बोरिवली

मुलुंड पश्चिमेच्या पाच रस्त्यावर सकाळी आठच्या सुमारास माणसांचे दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात. एक प्रवाह देरासरातून घराकडे परतणाऱ्यांचा. त्यांच्या कपाळावरचे केशरी तिलक अजून ओले असते. दुसरा प्रवाह रेल्वे स्थानकाकडे धावणाऱ्यांचा. दोन्ही प्रवाहांत एक गोष्ट सारखी आढळते : पुरुषांची मस्तके उघडी आहेत. एखाद्या वृद्धाच्या डोक्यावर पांढरी टोपी दिसते. बाकी डोक्यावर काही असलेच, तर ते दुचाकीस्वाराचे हेल्मेट.

शंभर वर्षांपूर्वी हे दृश्य कोणाही व्यापाऱ्याला अस्वस्थ करून गेले असते. बोडक्या डोक्याने पेढीवर बसणे हे त्या काळी असभ्यपणाचे लक्षण होते, आणि सुतकाचेही. पगडी पाहून माणसाचा प्रांत कळे, पुष्कळदा गाव, ज्ञाती आणि धंदाही कळे. काठियावाडी, कच्छी आणि मारवाडी बांधणी निरनिराळी. महाराष्ट्रात पागोटे, फेटा, रुमाल, मुंडासे आणि पगडी हे पाच शब्द पाच वेगळ्या वस्तूंचे आहेत. पारशी गृहस्थांच्या चकचकीत पगडीचे मूळही गुजरातेतील वाणी समाजाच्या पगडीत शोधले जाते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईतील समाजांच्या शिरोभूषणांच्या लहान प्रतिकृती मांडल्या आहेत. त्या पाहताना ध्यानात येते की, या शहरात एके काळी नुसते डोके पाहून ओळख पटत असे.

भाषेने ही आठवण अजून सोडलेली नाही. एखाद्याला फसवणे म्हणजे त्याला टोपी घालणे. शब्द फिरवणाऱ्याने टोपी फिरवली असे म्हणतात. आणि मुंबईत खोली वा दुकान भाड्याने घेताना जी ठोक रक्कम मोजावी लागे, तिचे नाव तर ‘पगडी’च. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अशा रकमेच्या व्यवहाराला मान्यता दिली. डोक्यावरची पगडी गेली आणि भाडेपावतीतली पगडी तेवढी उरली.

आता तीही जाऊ लागली आहे. मुलुंड आणि घाटकोपरच्या तीन मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. घर खाली करण्याचा दिवस ठरतो, माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, आणि त्यांतल्या एखादीत आजोबांची किंवा पणजोबांची शिरोभूषणे निघतात. कुठे पुठ्ठ्यावर बांधलेली लाल पगडी, कुठे काळी मखमली टोपी, कुठे खादीची पिवळी पडलेली घडी. ज्यांचे पूर्वज व्यापारासाठी पूर्व आफ्रिकेस किंवा ब्रह्मदेशात गेले, त्यांच्याकडे भेंडाची साहेबी टोपी निघते. एखाद्याकडे विलायती फेल्ट हॅटही असते. टेम्पो खाली उभा असतो, मजूर घाई करीत असतात, आणि घरातल्या कर्त्या माणसाला पाच मिनिटांत ठरवायचे असते की हे ठेवायचे की टाकायचे. प्रश्न पेटीतल्या जागेचा वाटतो, पण त्यात इतिहासही आहे, अहिंसाही आहे आणि अपरिग्रहही.

इतिहासाचा विचार करताना १८९३ या एका वर्षाकडे पाहिले तरी पुरे. त्या वर्षी काठियावाडातून निघालेल्या दोन गांधींच्या दोन पगड्या सातासमुद्रापार पोहोचल्या. मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या न्यायालयात गेले, तेव्हा मॅजिस्ट्रेटने त्यांना पगडी उतरवण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला आणि ते न्यायालयाबाहेर पडले. वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख नको असलेला पाहुणा असा झाला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला अमेरिकेतील शिकागो येथे सर्वधर्म परिषद सुरू झाली. तिथे जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले वीरचंद राघवजी गांधी. ते मूळचे महुव्याचे, जन्म २५ ऑगस्ट १८६४ चा. निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराज यांना होते. साध्वाचारात जहाजाचा प्रवास बसत नाही, म्हणून या तरुण श्रावकाला पाठवण्यात आले. त्यांची जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत त्यांच्या मस्तकी पगडी आहे. एका गांधींना ज्या शिरोभूषणामुळे दाराबाहेर जावे लागले, तसलेच शिरोभूषण दुसऱ्या गांधींनी जगाच्या व्यासपीठावर मानाने मिरवले.

हे दोघे एकमेकांना ओळखत होते. विलायतेहून परतल्यावर मुंबईत वकिलीची धडपड करणाऱ्या मोहनदासांच्या आत्मकथेत वीरचंदभाईंचा उल्लेख मित्र म्हणून येतो. त्याच काळात, १८९१ साली, जवाहिऱ्याच्या पेढीवर बसून आत्मचिंतन करणाऱ्या श्रीमद् राजचंद्रांची आणि गांधीजींची भेट मुंबईतच झाली. वीरचंदभाई पुढे १९०१ साली वयाच्या सदतिसाव्या वर्षी निवर्तले. समाजाने त्यांना थोडे उशिरानेच ओळखले.

डर्बनच्या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे, आणि तो व्यापारी घरांना विशेष समजण्यासारखा आहे. पुढच्याच वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची शपथ घेताना मुख्य न्यायाधीशांनी पगडी काढण्यास सांगितले, तेव्हा गांधीजींनी ती काढली. काही मित्रांना हे रुचले नाही. परंतु न्यायालयात वकिली करायची, तर त्या न्यायालयाचा रिवाज पाळावा आणि लढण्याचे बळ मोठ्या लढाईसाठी राखावे, असा त्यांचा विचार होता. पगडीचा मान कुठे राखायचा आणि ती कुठे उतरवायची, हा विवेक पगडीपेक्षा मोठा ठरला.

मुलुंडहून लोकलने घाटकोपरला उतरले की गर्दीचा मोठा लोंढा मेट्रोच्या जिन्याकडे वळतो. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि ११.४ किलोमीटरच्या व १२ स्थानकांच्या या मार्गाने पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडली गेली. तोवर घाटकोपरच्या माणसाला बोरिवलीच्या नातलगाकडे जायचे तर दादरचा वळसा पडे.

घाटकोपरच्या महात्मा गांधी मार्गावर लग्नसराईत साफ्यांच्या रांगा लागतात. तयार शिवलेले, डोक्यावर नुसते ठेवायचे साफे. पूर्वी पगडी बांधणारा माणूस घरी येत असे, आणि लांबलचक पट्टी पीळ देत मस्तकाच्या मापाने बांधून देत असे. आता मस्तकाने तयार मापात बसायचे. तरी लग्न, तपस्वींचा वरघोडा आणि दीक्षार्थींचे वर्षीदान यांत साफा अजून टिकून आहे. स्नात्रपूजेत इंद्र-इंद्राणी होणारी मुले मुगट घालतात. कर्ता पुरुष गेल्यावर थोरल्या मुलाला पगडी बांधण्याची रीत अनेक मारवाडी घरांत आजही पाळली जाते. त्या वेळी बांधली जाते ती जबाबदारी, कापड हे तिचे निमित्त.

याच बाजारात साफा निवडताना एखादी आजी कापड बोटांत धरून विचारते, “हे रेशीम आहे का?” अहिंसेचा प्रश्न शिरोभूषणात शिरतो तो असा. रेशमाचा अखंड धागा मिळवण्यासाठी कोश आतल्या जिवासकट उष्णतेत टाकले जातात. एका रेशमी पगडीमागे असे किती कोश असतील, याचा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात तरी करता यावा. म्हणून सुती मलमलीचा साफा हा केवळ स्वस्त पर्याय नव्हे, तो विचारपूर्वक केलेला पर्याय होऊ शकतो.

विलायती टोप्यांचा इतिहास तर आणखी कठोर आहे. जगभरचे शौकीन आज ज्या अभिजात टोप्या जमवतात, त्यांत पहिला मान फेल्ट हॅटचा. तिचा ‘फेडोरा’ हा प्रकार १८८२ च्या एका फ्रेंच नाटकाच्या नावावरून ओळखला जातो. गोल माथ्याची कडक ‘बोलर’ १८४९ साली लंडनमध्ये जन्मली. ही उत्तम फेल्ट बनते सशाच्या आणि बीव्हर नावाच्या पाणवठ्याकाठच्या प्राण्याच्या लवेपासून. टोप्यांच्या आणि कातड्यांच्या हव्यासापायी युरोपातला बीव्हर जवळजवळ नाहीसा झाला. लव एकजीव व्हावी म्हणून पाऱ्याचे क्षार वापरले जात. त्या वाफांनी कारागिरांचे हात कापू लागत, बुद्धी भ्रमित होई. अमेरिकेत टोप्यांच्या धंद्यातला पाऱ्याचा वापर थांबायला १९४१ साल उजाडले. हॅटच्या आत घामासाठी लावलेली पट्टी बहुधा चामड्याची असते. काराकुली टोपीची कथा तर ऐकवत नाही. ती नवजात कोकरांच्या कातड्याची असते.

यातून कोणी असा निष्कर्ष काढील की साहेबाचे ते सारे हिंसेचे आणि आपले ते सारे निर्दोष. वस्तुस्थिती तशी सरळ नाही. साहेबाची ओळख बनलेली सोला टोपी आतून निव्वळ वनस्पतीची. पाणथळ जागी वाढणाऱ्या शोला या झुडपाचे हलके भेंड कापून, थर लावून ती बनते आणि वर कापड चढते. ‘पनामा’ म्हणून प्रसिद्ध असलेली उन्हाळी टोपी पनामाची नाहीच. ती दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात टोकिया नावाच्या ताडासारख्या झाडाच्या धाग्यांनी हाताने विणली जाते. या विणकामाला २०१२ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. उलट आपल्या इकडच्या राजेशाही पगड्यांवर डोलणारे बगळ्याच्या पिसांचे तुरे निष्पाप नव्हते. पिसांसाठी पक्ष्यांची एवढी हत्या होऊ लागली की १९०२ साली हिंदुस्थान सरकारला त्यांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. आणि याच देशात दिगंबर मुनींची पिच्छी मोराने आपणहून गाळलेल्या पिसांची असते. पीस तेच, पण ते मिळवण्याच्या रीतीने त्याचा अर्थ पालटतो. वस्तू कोणत्या देशाची हा प्रश्न दुय्यम आहे. ती कोणाच्या जिवावर उभी आहे हा पहिला.

मेट्रो अंधेरीला येते. स्थानकाबाहेर दुपारी डब्यांची वर्गवारी चालते तेव्हा पांढऱ्या टोप्यांचा एक घोळका दिसतो. ते मुंबईचे डबेवाले. उपनगरात रोजच्या कामाची टोपी म्हणून गांधी टोपी आज मुख्यतः त्यांनीच जपली आहे. गर्दीत माणूस लांबून ओळखू यावा, हे तिचे जुने काम ती अजून चोख करते.

या टोपीचा जन्म काटकसरीच्या हिशेबातून झाला. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईच्या बंदरावर उतरले तेव्हा अंगरखा, धोतर आणि काठियावाडी पगडी अशा वेषात होते. पुढे त्यांनी काका कालेलकरांना आपला विचार सांगितला. पगडी उन्हापासून उत्तम रक्षण करते, परंतु तिला कापड फार लागते. निरनिराळ्या प्रांतांतल्या टोप्या त्यांनी पाहिल्या आणि घडी करून खिशात ठेवता येणारी काश्मिरी धाटणीची टोपी त्यांना पसंत पडली. रंगाचा निर्णयही विचारपूर्वक घेतला. काळ्या टोपीत मळ लपतो. पांढरीत तो दिसतो, म्हणून ती धुतली जाते. दोष लपवणाऱ्या वस्त्रापेक्षा दोष दाखवणारे वस्त्र बरे, हा विचार प्रतिक्रमण करणाऱ्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही.

अंधेरीच्या अलीकडचे स्थानक विलेपार्ले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात इथे सत्याग्रहींची छावणी होती आणि जमनालाल बजाज तिच्या अग्रणींपैकी एक होते. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि गांधी टोपी घालणाऱ्यांना शिक्षा होऊ लागल्या. वीतभर खादीची ती घडी तुरुंगाचे कारण ठरत होती. आज त्याच पार्ल्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय आहे. हा आयोग १९५७ पासून काम करतो. माळ्यावरच्या पेटीत खादीची पिवळी टोपी सापडली, तर ती फडके म्हणून वापरण्यापूर्वी हे आठवावे.

विशेष हे की टोपीला ज्यांचे नाव मिळाले, त्यांनी ती फार काळ घातली नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेत गांधीजींनी पंचा स्वीकारला आणि टोपीचाही त्याग केला. नाव जगभर झाले तोवर नावाचा धनी उघड्या मस्तकाने हिंडत होता.

अंधेरीला टोपीचे आणखी एक जग आहे, ते चित्रपटांचे. १९६० साली पडद्यावर आलेल्या ‘मुगल-ए-आझम’चे चित्रीकरण इथल्या मोहन स्टुडिओत झाले होते. १९६७ च्या ‘ज्वेल थीफ’मध्ये देव आनंद यांनी घातलेली चौकटीची टोपी त्या पिढीतल्या तरुणांना वेड लावून गेली. गंमत अशी की याच सुमारास रोजच्या जीवनातून मात्र टोपी नाहीशी होत होती. पडद्यावरची टोपी हौसेची होती, पेढीवरची टोपी मर्यादेची. हौस टिकली. आता उपनगरातला ड्रेसवाला राजाचा मुकुट, मावळ्याचे पागोटे आणि साहेबाची हॅट एकाच फळीवर ठेवतो आणि दिवसाच्या भाड्याने देतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आणि वरघोड्याच्या देखाव्याला लागणारी शिरोभूषणे तिथूनच येतात.

हौस म्हणून टोप्या जमवणारे जगात पुष्कळ आहेत आणि उपनगरांतल्या तरुणांतही हा छंद रुजतो आहे. जैन घरात तो आला की पाचव्या अणुव्रताशी त्याची गाठ पडते. परिग्रह-परिमाण गृहस्थाला काहीच बाळगू नको म्हणत नाही. किती बाळगायचे ते आधी ठरव, असे ते सांगते. टोप्यांच्या छंदाला हा नियम सहज लावता येतो. एका पेटीत मावतील तेवढ्याच. नवी आली तर जुनी एक कोणाला तरी द्यायची. कातडे, लव किंवा रेशीम असलेली नव्याने विकत घ्यायची नाही, कारण प्रत्येक खरेदी हा त्या धंद्याला दिलेला कौल असतो. पूर्वजांची अशी एखादी वस्तू घरात असेल, तर ती वापरायची की नुसती आठवण म्हणून ठेवायची, याचा निर्णय घरातल्या सर्वांनी मिळून करावा. दुर्मीळ पगडी असेल तर संग्रहालयाला देणे हाही एक मार्ग आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अशा घरगुती वस्तूंच्या प्रेमातूनच उभे राहिले.

जपणुकीचेही तसेच आहे. मुंबईच्या पावसाळ्यात कापडाला बुरशी धरते, कसर लागते. डांबराच्या गोळ्या टाकून जीव मारण्याची वेळ येण्याआधीच काळजी घेणे हा जयणेचा मार्ग. पगडी स्वच्छ आणि पूर्ण कोरडी करून जुन्या धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळावी, सोबत कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा लवंगा ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, ते टाळावे. पावसाळा सरला की सौम्य उन्हात हवा द्यावी आणि दर महिन्याला एकदा उघडून पाहावे. साधू-साध्वी आपल्या वस्त्रांचे रोज दोन वेळा पडिलेहण करतात. गृहस्थाला महिन्यातून एकदा तरी जमावे. आणखी एक लहानशी चिठ्ठी पेटीत ठेवावी : ही पगडी कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगाची. चिठ्ठीवाचून ती तिसऱ्या पिढीत पुन्हा नुसते कापड होते.

पश्चिम रेल्वेची जलद गाडी अंधेरीहून बोरिवलीला पोहोचते. पश्चिमेकडे खादी-ग्रामोद्योगाच्या चळवळीतून उभे राहिलेले कोरा केंद्र, आणि पूर्वेकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हिरवी भिंत. उद्यानाच्या परिसरात पोदनपूर-तीनमूर्ती हे दिगंबर जैन क्षेत्र आहे. तिथे तीन भव्य प्रतिमा उभ्या आहेत : भगवान आदिनाथ आणि त्यांचे दोन पुत्र भरत व बाहुबली. दिवसभराच्या या प्रवासात मस्तकावर काय घालावे हाच विषय होता. इथे तो आपोआप थांबतो.

भरत चक्रवर्ती होते, बाहुबली पोदनपूरचे राजे. दोघांच्याही मस्तकी मुकुट होते आणि मुकुटासाठीच युद्ध जुंपले. श्वेतांबर परंपरा सांगते की भावावर प्रहार करण्यासाठी बाहुबलींनी मूठ उगारली आणि ती हवेतच असताना त्यांना आपल्या कृत्याचे भान आले. उगारलेली मूठ रिकामी खाली येऊ नये म्हणून त्यांनी ती आपल्याच मस्तकाकडे वळवली आणि केशलोच केला. ज्या हाताने मुकुट जिंकायचा, त्याच हाताने मस्तक मोकळे झाले. पिता ऋषभदेवांनीही दीक्षेच्या वेळी चार मुठींनी लोच केला. पाचव्या मुठीच्या बटा खांद्यावर शोभून दिसतात म्हणून इंद्राने विनंती केली आणि त्या राहू दिल्या, अशी कथा आहे. म्हणून ऋषभदेवांच्या प्रतिमेच्या खांद्यावर केस दिसतात.

उपनगरांत दर वर्षी कुठे ना कुठे दीक्षेचा प्रसंग घडतो. आदल्या दिवशीच्या वरघोड्यात दीक्षार्थी तरुणाच्या डोक्यावर भरजरी साफा असतो. तो दोन्ही हातांनी दान उधळीत जातो. दुसऱ्या दिवशी वेषपरिवर्तनाला साफा उतरतो आणि पुन्हा कधीच चढत नाही. मंडपात बसलेल्या आईच्या मांडीवर तो घडी करून ठेवलेला असतो. त्या साफ्याचे पुढे काय करायचे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. काही घरांत तो आयुष्यभर जपला जातो, काही घरांत दुसऱ्या दिवशीच कोणा गरजूला दिला जातो.

तीनमूर्तींच्या पायथ्याशी संध्याकाळी माणसे नमस्कारासाठी थांबतात. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चोविहार करायचा, म्हणून पावले लगबगीने वळतात. एखाद्या आजोबांनी उन्हासाठी टोपी घातलेली असते. प्रतिमेसमोर आल्यावर ते ती काढतात, घडी करून खिशात ठेवतात, हात जोडतात, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा डोक्यावर चढवतात. ती केव्हा घालायची आणि केव्हा उतरवायची, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.